‘ब्रँडेड चाकू नाही तो शेतकरी कसला?’ या पोस्टला उत्तर

बांधावरचा
काल इथं एका भावानं सतरंजीवर सात घडीचे चाकू ओळीनं मांडून फोटो टाकला. खाली मजकूर: ‘शेतकऱ्यानं खिशात ब्रँडेड चाकूच ठेवावा. गावठी लोखंड घेणं म्हणजे पैसे मातीत घालणं.’ त्याखाली अंगठ्यांची रांग.

राजेहो, जरा थांबा. मी फोटो मोठा करून पाहिला. एका पात्यावर ओरखडा नाही, एका बिजागरीत मातीचा कण नाही. माझा चाकू आमच्या लोहारानं ट्रकच्या कमानपट्टीतून काढलेला, मूठ बाभळीची, दीडशे रुपये. खताच्या पोत्याची शिवण त्यानंच उसवतो, ठिबकची नळी त्यानंच कापतो, दुपारी भाकरीसोबतचा कांदाही त्यानंच चिरतो. पातं काळं पडलंय, पण मनगटावरचे केस उतरतात. धार गेली की विहिरीच्या काठावरच्या दगडावर पाजवायचा, झालं. दोन हजारांचा चाकू धुऱ्यावर हरवला तर माणूस पऱ्हाटी सोडून तोच शोधत बसेल. अन् सालदाराच्या हातात द्याल का तो? कापसाला भाव नाही, खेडा खरेदीवाला काट्यात मारतो, अन् इथं सल्ला स्विस पोलादाचा!

पोलादवेडा
ते सात चाकू माझेच. बिजागरीत माती नाही कारण मी ती साफ करतो. तो गुन्हा आहे का?

त्यातल्या ओपिनेल या फ्रेंच चाकूला साहेबी खेळणं समजू नका. 1890 पासून फ्रान्सच्या साव्हुआ या डोंगरी भागात शेतकरी-गुराखी तो वापरत आलेत. बीचच्या लाकडाची साधी मूठ, पात्याला बुडाशी फिरती कडी. कडी 1955 साली आली. ती फिरवली की पातं बोटावर मिटत नाही. तुमच्या दीडशेच्या चाकूला अशी सोय आहे?

कमानपट्टीला मी नावं ठेवत नाही, ते सिलिकॉन-मँगनीजचं चांगलं पोलाद. पण पाणी कसं दिलं, म्हणजे तापवून कसं विझवलं, ते कोण पाहतो? माझ्याकडच्या गावठी चाकूंपैकी एक खिळा खरडताना मोडला, दुसरा बोरीच्या फांदीत वाकला. एकाच भात्यावरचे दोन्ही.

ढोरकी
भौ, तुमचं चालू द्या. आमचा गोऱ्हा रात्री नायलॉनच्या दाव्यात गुतला, गळ्याले फास, जीभ बाहेर. गाठ सुटे ना. शेजारच्या म्हाताऱ्यानं कमरेचा चाकू काढला अन् एका झटक्यात दावं तोडलं. त्या चाकूवर कोनत्या कंपनीचं नाव होतं ते पाहाले कोनाले टाइम होता? खिशात असलेला चाकू तोच चांगला.

संत्रा_वरुड
कंपनीचं सोडा. तुम्ही चाकू धुता का ते सांगा. एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना त्याच चाकूनं सल म्हणजे वाळक्या काड्या काढता, त्याच चाकूनं कलमाचा डोळा बांधता, अन् मग झाडं खुजी राहिली की नशिबाला दोष. माझी संत्र्याची बाग अशीच गेली. कलम ज्यावर बांधतात त्या रंगपूर लिंबाच्या खुंटाची साल तडकली, पापुद्रे सुटले. एक्सोकॉर्टिस नावाचा रोग. तो थेट चाकूवरून पसरतो.

मोर्शीकर
बाग चाकूनं नाही, डिंक्यानं जाते. डिंक्या येतो जमिनीतल्या फायटोप्थोरा बुरशीनं, आळ्यात पाणी तुंबलं की. उगाच चाकूवाल्यांना घाबरवू नका.

संत्रा_वरुड
मी डिंक्या म्हटलंच नाही. नीट वाचा. डिंक्या वेगळा, एक्सोकॉर्टिस वेगळा.

मोर्शीकर
आमच्याकडं शंभरातली नव्वद झाडं डिंक्यानंच जातात. अन् का जातात? नर्सरीवाला डोळा बांधतो मातीपासून चार बोटांवर. निदान 25 सेंटिमीटर वर पाहिजे. पावसात चिखल उडतो, जोडाला लागतो, संपलं. मी एका नर्सरीतून कलमं आणली, लावल्यावर जोड मातीत गेला. तक्रार केली तर म्हणे, ‘तुम्हीच खोल लावलं.’ आता खोडाची सडकी साल चाकूनं खरडतो अन् बोर्डोमलम लावतो, एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. ती खरडायला कुठलाही चाकू चालतो.

संत्रा_वरुड
अन् खरडलेला तोच चाकू न धुता पुढच्या झाडाला! तेच तर सांगून राहिलो!

पोलादवेडा
भाऊ, धागा चाकूचा आहे. वेगळा धागा काढा ना संत्र्याचा.

मोर्शीकर
तुम्ही सात चाकूंचा धागा काढता तेव्हा चालते, आम्ही बागेचं बोललो की लगेच वेगळा धागा. संत्र्यावर पोट आहे आमचं.

रानवाटा
चाकूचा खरा उपयोग कोणी सांगितलाच नाही. साप चावला तर जागेवर काप देऊन विष काढता येतं. म्हणून मी नेहमी धारदार चाकू ठेवतो.

सिस्टरताई
कृपा करून हे कोणी वाचून करू नका. ग्रामीण रुग्णालयात काप दिलेले पाय मी रोज बांधते. घोणस चावली असेल तर आधीच रक्त गोठत नाही, त्यात तुम्ही काप देता. रक्त थांबत नाही, विष मात्र आतच राहतं. दोरी आवळायची नाही, चोखायचं नाही. पाय हलू द्यायचा नाही अन् थेट दवाखाना. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, चौघांवर एकच प्रतिविष आहे. चाकू खिशात राहू द्या.

रानवाटा
आमच्या आजोबांनी अशी माणसं वाचवली आहेत.

सिस्टरताई
कोरडा दंश असतो दादा, त्यात विष उतरतच नाही. ती माणसं आजोबा नसते तरी वाचली असती.

बांधावरचा
😂 ताई, बरं केलं.

अर्जवाला
कोणी कायद्याचं बोललं नाही. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पातं असेल तर ते शस्त्र नियमांत येतं, शेती-स्वयंपाकाची अवजारं वगळून. खिशातला चाकू त्यात बसत नाही. पण सणासुदीला पोलीस कायद्याच्या कलम 37 चा जमावबंदी-शस्त्रबंदीचा आदेश निघतो, त्यात चाकूही येतो. एका तालुक्याच्या स्टँडवर माझा चाकू काढून घेतला. ना पावती, ना पंचनामा. संत्री सोलायचा होता हो!

बांधावरचा
खटक्याचा असंल.

अर्जवाला
खटक्याचा नव्हता! बाभळीच्या मुठीचा होता, तुमच्यासारखाच.

संत्रा_वरुड
संत्र सोलाले चाकू लागते का बाप्पा? मोर्शीकर, तुम्ही उत्तर नाही दिलं. एक्सोकॉर्टिस स्पिरिटनं मरत नाही, ज्योतीवर धरून मरत नाही. एक टक्का सोडियम हायपोक्लोराइटमध्ये, म्हणजे ब्लीचमध्ये, पातं बुडवावं लागतं, झाडागणिक.

पोलादवेडा
आता मुद्द्यावर आलात. ब्लीचमध्ये दिवसभर बुडवून पाहा गावठी पातं. संध्याकाळी लाल. म्हणून स्टेनलेस घ्या म्हणतो. कलमाला तरी माझं ऐका.

बांधावरचा
स्टेनलेसलाही ब्लीचनं खड्डे पडतात. बुडवलं की लगेच साध्या पाण्यात धुवायचं, पुसायचं, तेलाचं बोट फिरवायचं. एवढं केलं तर माझंही टिकतं. अन् तुमच्या त्या ओपिनेलची लाकडी मूठ श्रावणात फुगते ना? माझ्या भाच्याकडं आहे. मागच्या पावसाळ्यात पातं उघडेना, नखं तुटायची वेळ आली.

पोलादवेडा
मुठीचं मागचं टोक दगडावर ठोकायचं, पातं आपोआप वर येतं. साव्हुआतली माणसं तेच करतात. मूठ कोरडी असताना बिजागरीत जवसाचं तेल सोडलं तर फुगणंही कमी होतं. भाच्याला सांगा.

बांधावरचा
म्हणजे दोन हजार देऊन दगडावर ठोकायचं. वा!

बरं, कडी चांगली आहे, तेवढं मान्य. सोयाबीनच्या दिवसांत आमच्याकडच्या एका पोराचं बोट असंच चाकू मिटून कापलं होतं. लोहाराला विचारतो अशी कडी बसते का. पण ‘गावठी म्हणजे पैसे मातीत’ हे वाक्य आधी काढा.

पोलादवेडा
‘वाईट पाण्याचं गावठी’ असं करतो. खूश? अन् पाजवायला विजेच्या चाकावर नेऊ नका. ठिणग्या उडाल्या, पातं निळं पडलं, की पाणी उतरलंच. मग तो कमानपट्टीचा असो की स्वित्झर्लंडचा.

ढोरकी
हे खरं बोलला. आमच्या बजारात तो सायकलवाला पाच मिनिटात विळ्याची वाट लावते.

मोर्शीकर
पण मृगाआधी नवी कलमं आणायची आहेत. जंबेरीच्या खुंटावर घेऊ की रंगपूरच्या, ते कोणी सांगेल का?

संत्रा_वरुड
जंबेरीला डिंक्या, रंगपूरला एक्सोकॉर्टिस. रंगपूर घ्या, पण नर्सरीवाल्याला आधी विचारा चाकू धुतो का.

मोर्शीकर
अन् जोड किती उंच ते?

पोलादवेडा
अहो, वेगळा धागा!!!