ॲम्पचा गेन (आलेला सिग्नल किती वाढवायचा ते ठरवणारा नॉब) नक्की कुठल्या व्हॉल्यूमला सेट करायचा? मदत हवी आहे

गाडीत कंपनीचाच स्टिरिओ आहे, बदलायचा नाहीये कारण स्टीअरिंगची बटणं आणि रिव्हर्स कॅमेरा त्याच्यावरच चालतात. स्पीकरच्या वायरीवरून हाय लेव्हल इनपुट (स्टिरिओचं स्पीकरसाठीचं आउटपुट थेट ॲम्पला) घेऊन चार चॅनलचा ॲम्प (समोरचे स्पीकर ६० वॅट आरएमएस, ४ ओहम) आणि सबवूफरसाठी (सब, म्हणजे खोल बासचा स्पीकर) वेगळा मोनोब्लॉक, म्हणजे एकाच चॅनलचा ॲम्प, (३०० वॅट, ४ ओहम) लावलाय.

गेन मल्टिमीटरने सेट करतोय, वॅट गुणिले ओहम आणि त्याचं वर्गमूळ, म्हणजे समोरच्याला १५.५ व्होल्ट आणि सबला ३४.६. स्पीकर काढून ठेवले, इक्वलायझर फ्लॅट, लाउडनेस बंद, बास बूस्ट शून्य, सबचा एलपीएफ (लो पास फिल्टर, त्यावरच्या फ्रिक्वेन्सी अडवणारा) ८० हर्ट्झ. १ किलोहर्ट्झच्या टेस्ट टोनवर (एकाच फ्रिक्वेन्सीचा आवाज) समोरचं नीट जमलं, व्हॉल्यूम ४० पैकी ३० वर.

घोळ सबचा आहे. ५० हर्ट्झचा टोन लावला की व्हॉल्यूम २४ पर्यंत व्होल्टेज व्यवस्थित चढतं आणि पुढे आकडा जवळपास तिथेच अडकतो, ३० वर नेलं तरी. म्हणजे स्टिरिओ स्वतःच बास कापतोय की तिथे क्लिप होतोय (मर्यादेबाहेर गेल्यामुळे सिग्नलचं टोक कापलं जाऊन आवाज फाटतोय)? मीटर साधा आहे, त्याला क्लिपिंग काय कळणार! ऑसिलोस्कोप नाही आणि त्यासाठी विकत घेणं परवडणारं नाही. अर्थिंग आणि पॉवर वायर बघून झालंय, त्यामुळे प्लीज तेच परत सांगू नका.

तर सबचा गेन २४ ला सेट करू की ३० ला, आणि टोन ० डीबीचा (रेकॉर्डिंगची कमाल पातळी) घ्यायचा की -५ चा? स्कोपशिवाय क्लिपिंग ओळखायचा काही जुगाड आहे का कोणाकडे?