जीएनएम + पोस्ट बेसिक, एनएचएमचा अनुभव, घरची शेती : कॅनडा एक्सप्रेस एंट्रीत नेमकं कुठे अडतं?

सिस्टर_दर्यापूर

नमस्कार. आम्ही एक्सप्रेस एंट्रीतून (कॅनडाची गुणांवर चालणारी ऑनलाइन पद्धत) पीआरची, म्हणजे तिथे कायम राहण्याच्या परवानगीची, तयारी करून राहिलो आहोत. माहिती खाली देते, जाणकारांनी कृपया नीट पाहून सांगावं.

वय ३१. जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) २०१५, पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग २०२०. ऑगस्ट २०१५ ते जुलै २०१८ अमरावतीत खाजगी हॉस्पिटलला स्टाफ नर्स, २०२१ पासून ग्रामीण रुग्णालयात एनएचएमच्या (राष्ट्रीय आरोग्य अभियान) कंत्राटावर. आयईएलटीएस जनरल दिली आहे : लिसनिंग ७.५, रीडिंग ६.५, रायटिंग ६.५, स्पीकिंग ७. मिस्टर अकोल्याच्या पंदेकृविचे (पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ) बी.एस्सी. अ‍ॅग्री, घरची सहा एकर शेती पाहतात, त्यांनी कुठली परीक्षा दिलेली नाही. मुलगी ४ वर्षांची.

तालुक्याच्या एजंटचं म्हणणं, तुमचे गुण ६७ च्या वर भरतात म्हणजे काम झालं, आता फक्त जॉब ऑफर घ्यावी लागेल, त्याचे वेगळे पैसे. प्रश्न असे :
१) ६७ भरले म्हणजे खरंच झालं का?
२) ईसीए (आपलं शिक्षण कॅनडातल्या कशाच्या बरोबरीचं ह्याचा रिपोर्ट) फक्त डिग्रीची करू की जीएनएमचीही?
३) एनएचएमच्या ऑर्डरी ११-११ महिन्यांच्या आहेत, मध्ये एक दिवसाचा खंड. चालतं का?
४) पैसे दाखवायला सातबारा चालतो का?

फाईल_तपासणी_अमरावती

ताई, ६७ आणि सीआरएस (उमेदवारांचा क्रम लावणारे गुण) ही दोन वेगळी गणितं आहेत. एजंट लोक नेमका इथेच घोळ घालतात.

६७ हा फेडरल स्किल्ड वर्कर (एफएसडब्ल्यू) ह्या योजनेचा १०० पैकी पासिंग मार्क. तुमचा हिशोब : भाषा २१, शिक्षण २२ (दोन्ही पात्रता धरल्या तर), वय १२, अनुभव सहा वर्षांच्या वर म्हणून १५. झाले ७०. मिस्टरांना परीक्षेत चारही भागांत सीएलबी (कॅनडाचं इंग्रजीच्या पातळीचं मोजमाप) ४ मिळाला तर आणखी ५. म्हणजे तुम्ही पूलमध्ये, उमेदवारांच्या यादीत, बसता, एवढंच. अर्ज भरायचं बोलावणं, म्हणजे आयटीए, येतं ते सीआरएसच्या १२०० गुणांवर, आणि तिथे स्पर्धा आहे.

आजच्या आयईएलटीएसवर तुमचा सीआरएस असा. मिस्टर सोबत येणार असं धरून वयाचे ९०. फक्त डिग्री धरली तर शिक्षणाचे ११२. भाषेत लिसनिंग, रीडिंग, रायटिंग तिन्ही सीएलबी ८ वर, स्पीकिंग ९ वर, म्हणून २२ + २२ + २२ + २९ = ९५. मिस्टरांच्या पदवीचे ८. मग दोन गोष्टी एकत्र असल्याचे जादा गुण : शिक्षण-भाषा जोडीचे १३ आणि परदेशी (कॅनडाबाहेरचा) अनुभव-भाषा जोडीचे २५. बेरीज ३४३.

आता लिसनिंग ८, रीडिंग ७ आणि रायटिंग ७ करा. स्पीकिंगचे ७ आहेतच. चारही भाग सीएलबी ९ झाले की भाषेचे ११६ होतात, आणि खरी उडी त्या जोड्यांत बसते : १३ चे २५, २५ चे ५०. बेरीज ४०१. अर्ध्या-अर्ध्या बँडने ५८ गुण वाढले! चारपैकी एक भाग जरी ८ वर राहिला तरी जोड्यांचे जादा गुण मिळत नाहीत, म्हणून तिन्ही भाग एकदम वर यायला पाहिजेत. तुमचा सगळ्यात मोठा फायदा ह्यातच आहे. बाकी खर्च करण्याआधी परीक्षा पुन्हा द्या.

ईसीए दोन्हीची करा, हे नक्की. सीआरएसमध्ये 'दोन किंवा अधिक पात्रता, त्यातली एक किमान तीन वर्षांची' असा वेगळा वर्ग आहे. त्यात ११२ चे ११९ होतात आणि सीएलबी ९ सोबत शिक्षणाच्या जोडीला २५ ऐवजी ५०. म्हणजे ४०१ चे ४३३. पोस्ट बेसिक दोन वर्षांची आहे, तेव्हा तीन वर्षांची अट जीएनएमवरच पूर्ण होते. मात्र रिपोर्टवर जीएनएम स्वतंत्र पात्रता म्हणून आणि पुरेशा कालावधीची लिहून आली पाहिजे. रिपोर्ट काय म्हणतो तेच प्रोफाइलमध्ये टाकायचं, आपल्या मनाने नाही.

जॉब ऑफरचे सीआरएस गुण २५ मार्च २०२५ पासून बंद झाले आहेत. त्यासाठी कोणी पैसे मागत असेल तर ते तुमच्या काहीच कामाचे नाहीत. उलट ऑफर खोटी निघाली तर चुकीची माहिती दिल्याच्या कलमाखाली ५ वर्षांची बंदी येते, आणि ती अर्जदारावर येते, एजंटवर नाही. पैसे घेऊन सल्ला देणाऱ्याचं नाव सीआयसीसी ह्या कॅनडाच्या इमिग्रेशन सल्लागारांच्या नियामक संस्थेच्या सार्वजनिक यादीत आहे का, तेवढं आधी पाहा.

खामगाव_ते_विनिपेग

वरचा हिशोब बरोबर आहे. पण ४३३ नेही नुसत्या रांगेत नंबर लागत नाही. सगळ्यांसाठीच्या बोलावण्याच्या फेऱ्यांचे कटऑफ २०२४ मध्ये ५२० च्या वरच होते. ताईंसाठी दार आहे ते हेल्थकेअर गटाचं. त्या गटाचा कटऑफ २०२५ च्या मे महिन्यात ५१० होता, ऑगस्टमध्ये ४७० वर आला. ह्यासाठी गेल्या तीन वर्षांतला अनुभव यादीतल्या एनओसीचा (कॅनडाचा व्यवसायाचा कोड) लागतो. तुमचा रजिस्टर्ड नर्सचा, ३१३०१. एनएचएमचा अनुभव इथे कामी येतो.

४३३ पासून वर चढायचे मार्ग :

मिस्टरांची परीक्षा. चारही भागांत सीएलबी ७ आले तर १२ गुण, सीएलबी ९ आले तर २०. म्हणजे ४४५ ते ४५३. दादा पदवीधर आहेत, जनरलची परीक्षा त्यांना जड नाही. शेतीच्या कामात वेळ मिळत नसेल तर कापूस वेचणी आटोपल्यावरची तारीख घ्या, पण घ्याच.

तुमचाच सीएलबी १० : लिसनिंग ८.५, रीडिंग ८, रायटिंग ७.५, स्पीकिंग ७.५. ह्याने आणखी १२. म्हणजे ४६५.

फ्रेंच. चारही भागांत एनसीएलसी (फ्रेंचचं तसंच मोजमाप) ७ आणि सोबत तुमची इंग्रजी असेल तर ५० अधिक दुसऱ्या भाषेचे १२, असे ६२ गुण. शिवाय फ्रेंचचा गट वेगळा, त्याचा कटऑफ मार्च २०२५ मध्ये ३७९ पर्यंत खाली गेला होता. शून्यापासून शिकणाऱ्याला वर्षभराच्या वर लागतं, ड्युटी सांभाळून तर नक्कीच. पण मेहनतीच्या मानाने ह्याच्याइतकं दुसऱ्या कशात मिळत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

कॅनडाच्या एखाद्या प्रांताचं नॉमिनेशन (शिफारस) मिळालं तर थेट ६०० गुण.

वय थांबत नाही. ३२ पूर्ण झाले की ९० चे ८५, मग ८०, ७५. म्हणून परीक्षा 'पुढच्या हंगामात' ढकलू नका.

आणि एक सांगतो, कारण नर्सिंगवाल्यांकडून हे हमखास होतं : एक्सप्रेस एंट्रीला ओईटी (आरोग्य क्षेत्राची इंग्रजी परीक्षा) चालत नाही, आयईएलटीएस अ‍ॅकॅडेमिकही चालत नाही. चालतात त्या परीक्षा म्हणजे आयईएलटीएस जनरल, सेल्पिप किंवा पीटीई कोअर. निकाल दोन वर्षं चालतो आणि अर्ज भरण्याच्या दिवशीही तो जिवंत असावा लागतो.

फाईल_तपासणी_अमरावती

तिसऱ्या प्रश्नावर येतो. कागद इथेच सगळ्यात जास्त फसतात.

एफएसडब्ल्यूला मुख्य व्यवसायात किमान एक वर्ष सलग अनुभव लागतो, गेल्या १० वर्षांतला, आठवड्याला ३० तास धरून १,५६० तास. एनएचएमच्या ऑर्डरी एकेक करून लावल्या तर अधिकाऱ्याला ११ महिने, मग खंड, मग ११ महिने असं दिसतं. ती सलगता सिद्ध करण्याच्या भानगडीत मुख्य आधार ठेवू नका. तुमच्याकडे खाजगी हॉस्पिटलची सलग तीन वर्षं आहेत, सलग एक वर्षाची अट त्यावर पूर्ण करा. फक्त त्यातला १० वर्षांच्या आधीचा भाग रोज गळून राहिला आहे, म्हणून ते पत्र आधी मिळवा. एनएचएमचा काळ बाकीच्या वर्षांसाठी धरा, सगळ्या ऑर्डरी तारखेप्रमाणे लावा आणि तांत्रिक खंड म्हणजे काय हे वैद्यकीय अधीक्षकांच्या पत्रात दोन ओळीत लिहून घ्या.

पत्रात काय पाहिजे : लेटरहेड, सही करणाऱ्याचं नाव आणि पद, फोन आणि ईमेल, तुमचं पद, रुजू आणि सोडल्याची तारीख, आठवड्याचे तास, वार्षिक पगार आणि भत्ते, आणि कामांचं वर्णन. आपल्याकडच्या 'अनुभव प्रमाणपत्रा'त 'सदर परिचारिकेने समाधानकारक काम केले, चारित्र्य चांगले आहे' एवढंच असतं. त्याचा उपयोग नाही. कामं लिहून घ्या : रुग्णाची तपासणी आणि नोंदी, औषधं आणि इंजेक्शन देणं, प्रसूती कक्षातली जबाबदारी, कनिष्ठ कर्मचाऱ्यांवर देखरेख, जे खरोखर करता तेच. एनओसी ३१३०१ च्या पानावरची वाक्यं जशीच्या तशी उतरवू नका, ती लगेच ओळखू येतात.

खाजगी हॉस्पिटलने पगार रोखीने दिला असेल तर आत्ताच शोधायला लागा : नेमणूक पत्र, हजेरीची प्रत, पीएफ असेल तर त्याचं पासबुक, फॉर्म १६, बँकेत जमा केलेल्या रकमा. एकटं पत्र कमकुवत असतं.

पदाचं नाव 'कंत्राटी अधिपरिचारिका' असं मराठीत असेल तर भाषांतर लागतं. घरच्या माणसाने केलेलं भाषांतर चालत नाही. भाषांतरकाराचं प्रतिज्ञापत्र आणि मूळ कागदाची प्रत सोबत लावा.

पंदेकृवि_माजी

पैशांबद्दल. सातबारा चालत नाही. वावर, घर, त्यावरची किंमत, कर्ज काढून आणलेली रक्कम, ह्यातलं काहीच धरत नाहीत. पैसा बँकेत आणि लगेच काढता येण्यासारखा पाहिजे. जुलै २०२५ च्या तक्त्याप्रमाणे तीन माणसांना २३,३६० कॅनेडियन डॉलर, म्हणजे दर पाहून १४ ते १५ लाख रुपये. आकडा दरवर्षी बदलतो. दादा मागाहून येणार असतील तरी ते धरूनच तीन माणसं मोजायची.

बँकेचं पत्र लेटरहेडवर हवं आणि त्यात सगळी खाती, ती उघडल्याच्या तारखा, आजची शिल्लक, मागच्या ६ महिन्यांची सरासरी शिल्लक आणि थकीत कर्ज. शेतकरी कुटुंबात इथे दोन गोष्टी अडतात. पहिली, त्याच बँकेत पीककर्ज असेल तर ते पत्रात येणारच. लपवू नका, शिल्लक त्याच्या वर राहील अशी ठेवा, किंवा कर्ज भरून निल दाखला घ्या. दुसरी, मधेच एकदम मोठी रक्कम जमा होणं. सहा महिन्यांची सरासरी दोन लाख आणि आज पंधरा लाख दिसले की अधिकारी विचारतो, हे आले कुठून. कापसाचे चुकारे बँकेतून आले असतील तर काटापट्टी आणि खात्यातली नोंद जोडा. व्यापाऱ्याने रोख दिले असतील तर पट्टीवर नाव, वजन, भाव, तारीख सगळं पाहिजे, नुसती चिठ्ठी नको. वावर विकून पैसे आले असतील तर नोंदणीकृत खरेदीखत. सासऱ्यांनी दिले असतील तर परत करायचे नाहीत असं स्पष्ट लिहिलेलं बक्षीसपत्र, आणि त्यांच्या खात्यातून तुमच्या खात्यात आलेली नोंद.

साधा उपाय म्हणजे पैसे आयटीएच्या सहा महिने आधीच आणून ठेवा आणि हलवू नका. पीआर हातात येईपर्यंत ते तिथेच राहिले पाहिजेत. पतसंस्थेत असतील तर राष्ट्रीयीकृत बँकेत आणा, पत्राचा मजकूर तिथे विचारल्याप्रमाणे मिळवणं सोपं जातं.

दादांच्या डिग्रीचीही ईसीए लागेल, नाहीतर ते ८ गुण मिळत नाहीत. विद्यापीठाकडून ट्रान्सक्रिप्ट काढायला अकोल्याला जावं लागत असेल तर एकदाच जाताना पदवी प्रमाणपत्र आहे का पाहा. पासिंगचा तात्पुरता दाखला पुरत नाही.

सिस्टर_दर्यापूर

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कोणी समजावून सांगितलं नव्हतं. एक राहिलं : जीएनएम आणि नर्सिंग कौन्सिलची नोंदणी माहेरच्या नावाने, पासपोर्ट सासरच्या. मार्कशीटवर आडनाव आधी आणि शेवटी आईचं नाव. पासपोर्ट बदलू का?

फाईल_तपासणी_अमरावती

पासपोर्टला हात लावू नका. आयईएलटीएस, प्रोफाइल, पीसीसी (पोलिसांचा दाखला), मेडिकल सगळं पासपोर्टच्या नावाने ठेवा. जुनं नाव अर्जात 'पूर्वीचं नाव' ह्या रकान्यात भरा आणि जोडणारा कागद म्हणून विवाह नोंदणी प्रमाणपत्र द्या. ते नसेल तर गावात ग्रामसेवकाकडे नोंदणी होते, आधी ते करून घ्या. त्यावर दोन्ही नावं मार्कशीट आणि पासपोर्टसारख्याच स्पेलिंगमध्ये येतात का हे सही होण्याआधी तपासा, एक अक्षर इकडचं तिकडे झालं तरी ईसीए संस्था कागद परत करते. आडनाव आधी असण्याला अडचण नाही, पण 'दोन्ही नावं एकाच व्यक्तीची' असं प्रतिज्ञापत्र सोबत असू द्या.

ट्रान्सक्रिप्टचे अर्ज दोन ठिकाणी जातील : पोस्ट बेसिकसाठी नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ, जीएनएमसाठी ज्या मंडळाने किंवा कौन्सिलने परीक्षा घेतली ते. दोन्हीकडे ईसीए संस्थेचा संदर्भ क्रमांक द्या, नाहीतर पाकीट पोहोचूनही तुमच्या फाईलला लागत नाही. रिपोर्ट पाच वर्षं चालतो, म्हणून हे काम आत्ताच सुरू करायला हरकत नाही.

खामगाव_ते_विनिपेग

आयटीए आल्यावर ६० दिवस मिळतात, वाढवून मिळत नाहीत. पीसीसी पासपोर्ट सेवेतून काढायची. चौकशी पासपोर्टवरच्या नव्हे, सध्याच्या पत्त्याच्या ठाण्यात जाते, म्हणून अर्जात सासरचा पत्ता आणि त्याचा पुरावा द्या. दादांचीही पीसीसी लागते. मेडिकल २१ ऑगस्ट २०२५ पासून अर्जाच्या आधीच करावं लागतं, आणि ते फक्त कॅनडाच्या यादीतल्या पॅनेल डॉक्टरकडे. सिव्हिल सर्जनचा दाखला चालत नाही. मुलीचंही करायचं, तिचा जन्मदाखला ग्रामपंचायतीतून फक्त मराठीत आला असेल तर त्याचंही भाषांतर.

फी एप्रिल २०२४ च्या दरांनी मोठ्या माणसाला १,५२५ डॉलर, मुलीला २६०, कुटुंबाच्या बायोमेट्रिक्सचे १७०. तिघांचे मिळून ३,४८०. हे दर दोन वर्षांनी वाढतात, भरण्याच्या दिवशीचा आकडा पाहा.

आणि पीआर म्हणजे नर्सिंगचं लायसन्स नव्हे. त्याला प्रांताच्या कौन्सिलकडे वेगळा अर्ज आणि एनक्लेक्स परीक्षा लागते. ट्रान्सक्रिप्ट काढायला नाशिकला जालच, तर लायसन्सच्या अर्जाला लागणारा संच त्याच फेरीत मागून घ्या.