ट्रकचालकांना ओव्हरटाइम: उभ्या गाडीचे तास कोणाच्या खात्यावर?

स्टेपनी (धागाकर्ती)

कारखान्यातला कामगार पाळी संपल्यावर थांबला तर त्याला जादा दराने पैसे मिळतात, यावर आता कोणी वाद घालत नाही. ट्रकचालकाचा विषय निघाला की मात्र "त्याचं काम वेगळं" हे उत्तर ठरलेलं. काम वेगळं आहेच. पण त्या वेगळेपणाचा भुर्दंड त्यानेच का सोसायचा, हे मला कोणी पटवून दिलेलं नाही.

अमेरिकेचं उदाहरण घेते, कारण तिथे हा भेदभाव कायद्यातच लिहिलेला आहे. १९३८ च्या कायद्याने ठरावीक तासांपुढच्या कामाला दीडपट मजुरी लागू केली. ती मर्यादा पुढे आठवड्याला ४० तासांवर आली. त्याच कायद्याने आंतरराज्य मालवाहतुकीचे चालक यातून वगळले. कारण काय, तर १९३५ च्या कायद्याने त्यांचे तास ठरवण्याचा अधिकार आधीच आंतरराज्य वाणिज्य आयोगाकडे गेला होता. त्या आयोगाने तास ठरवलेही. आज १४ तासांच्या पाळीत ११ तास गाडी चालवता येते आणि लांब पल्ल्याच्या बऱ्याच कंपन्यांत आठ दिवसांत ७० तासांची ड्यूटी भरेपर्यंत. तासांवर मर्यादा आली, जादा दर आला नाही. त्यातही २००८ पासून साधारण साडेचार टनांपर्यंतच्या छोट्या गाडीवरच्या चालकाला ओव्हरटाइम लागू झाला. म्हणजे जितकी मोठी गाडी, तितका हक्क कमी!

यावर उपाय म्हणून २०२२ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये तिथे विधेयक मांडलं गेलं. कायदा झाला नाही.

माझा खरा राग उभ्या गाडीबद्दल आहे. मैलावर किंवा खेपेवर पैसे मिळणाऱ्या चालकाची कमाई चाक फिरलं तरच होते. गेटवर नंबर लागायची वाट, गोदामात माल खाली व्हायची वाट, कागद मिळायची वाट, या सगळ्याचं मोल शून्य किंवा नाममात्र. तो झोपू शकत नाही, गाडी सोडून जाऊ शकत नाही, आणि तरी कामावर नाही! अमेरिकेच्या परिवहन खात्याच्या महानिरीक्षकांनी २०१८ च्या अहवालात म्हटलं होतं, की असा खोळंबा सरासरी १५ मिनिटांनी वाढला तर अपघातांचं अपेक्षित प्रमाण ६.२ टक्क्यांनी वाढतं. बुडालेला वेळ माणूस रस्त्यावर भरून काढायला जातो, दुसरं काय होणार?

म्हणून माझं म्हणणं: चाक फिरो न फिरो, ड्यूटीवरचा प्रत्येक तास मोजा, आणि मर्यादा ओलांडली की जादा दर द्या.

खेपभाडं

माझ्या स्वतःच्या थोड्या गाड्या आहेत, तेव्हा दुसरी बाजू मांडतो. भाडं मला खेपेचं मिळतं, तासाचं नाही. गाडी गोदामाबाहेर अडकली तर माझाही धंदा अडकतो. हप्ता थांबत नाही. खोळंबा करणारा वेगळाच, आणि ओव्हरटाइम मात्र माझ्या माथी. याने गोदामवाल्याला काय फरक पडेल? तो गाडी पूर्वीसारखीच ताटकळत ठेवेल.

शिवाय मोठ्या कंपन्या काय करतील ते आत्ताच सांगतो. महिन्याची एकूण रक्कम तीच ठेवतील आणि मूळ दर उतरवतील. कागदावर ओव्हरटाइम दिसेल, ड्रायव्हरच्या हातात तेवढेच पैसे.

पहाटपाळी

मी ओव्हरटाइमच्या विरोधात आहे, आणि तो ड्रायव्हरच्याच जिवासाठी. जादा तासाला जादा पैसे म्हटलं की माणूस जादा तास मागून घेतो. घरी पैसे हवेत, कर्ज आहे, तो नाही म्हणेल का? डोळ्यांवर झोप असताना अवजड गाडी हाकण्याला बक्षीस लावू नका. त्यापेक्षा मूळ पगारच इतका द्या, की त्याला मर्यादेबाहेर काम करायची गरजच पडू नये.

याला आधार आहे. अमेरिकेतल्या जे. बी. हंट कंपनीने १९९७ मध्ये चालकांचा मैलाचा दर एक तृतीयांशाहून जास्त वाढवला. नोकरी सोडून जाणारे कमी झाले आणि अपघातही कमी झाले. पूर्वी स्वतः ट्रक चालवलेले अर्थशास्त्रज्ञ मायकेल बेल्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा अभ्यास केला आहे. तिथे वाढला तो मूळ दर.

स्टेपनी

पहाटपाळी, तुमची काळजी खरी आहे, पण बक्षीस आत्ता कशाला आहे ते बघा ना. आज बक्षीस मैलाला आहे, म्हणजे वेगाला आणि न थांबण्याला. युरोपीय संघाने हे ओळखून २००६ च्या नियमावलीत (२०२० च्या सुधारणेसह) लिहिलं, की अंतरावर, पोचवण्याच्या वेगावर किंवा मालाच्या प्रमाणावर मोबदला देऊन रस्त्यावरची सुरक्षितता धोक्यात येत असेल, तर तसा मोबदला देता येणार नाही. तासांची मर्यादा तिथेही आहेच: दिवसाला ९ तास चालवणं, आठवड्यातून दोनदा १० पर्यंत, आणि साडेचार तासांनंतर ४५ मिनिटांची विश्रांती. ओव्हरटाइम आला म्हणून ही मर्यादा उठवा असं कोणीच म्हणत नाही. त्या मर्यादेच्या आत जे तास जातात, ते फुकट जाऊ नयेत एवढंच.

आणि जादा दराचा बोजा मालकावर पडतो, हाच त्यातला हेतू आहे. एकाच माणसाला ७० तास राबवणं महाग झालं तर दुसरा माणूस घेतला जाईल.

पहाटपाळी

दुसरा माणूस मिळाला तर! हे काम करायला तरुण तयार नाहीत, ते आधी बघा.

स्टेपनी

का तयार नाहीत, याचं उत्तर वर तुम्हीच जे. बी. हंटच्या उदाहरणात दिलंय.

नोंदवही

दोन्ही बाजूंनी एक गोष्ट गृहीत धरली आहे, की तास म्हणजे काय हे सगळ्यांना माहीत आहे. भांडण तिथेच होणार. युरोपच्या २००२ च्या निर्देशात माल भरणं-उतरवणं हा कामाचा वेळ धरला आहे. पण वाट पाहण्याचे दोन प्रकार केले आहेत. किती वेळ थांबावं लागेल हे आधी माहीत नसेल तर तो कामाचा वेळ. आधी सांगितलं असेल तर तो नुसता "उपलब्ध" असण्याचा वेळ, आणि तो कामाच्या तासांत धरला जात नाही. आता गेटवरच्या माणसाने "तीन तास लागतील" एवढं सांगून टाकलं तर? तो वेळ कोणत्या बाजूला जाणार? ओव्हरटाइमचा कायदा करताना ही फट राहिली, तर बाकीच्या कलमांचा फारसा उपयोग नाही.

तासांची नोंद ठेवणं अवघड आहे, असा आक्षेप कोणी घेईल; तो मात्र मला पटत नाही. अमेरिकेत २०१७ अखेरपासून बहुतेक लांब पल्ल्याच्या गाड्यांत चालकाचे तास टिपणारं इलेक्ट्रॉनिक नोंदयंत्र सक्तीचं आहे. दंड करायला त्याची नोंद चालते, मग पगाराला का चालू नये?

भारताचंही सांगतो. १९६१ च्या मोटर परिवहन कामगार कायद्यात दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८ तास आणि जादा कामाला दुप्पट दर, हे सगळं होतं. पण तो कायदा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या व्यवसायाला लागू होता. एक-दोन गाड्यांचा मालक त्यातून आपोआप बाहेर राहायचा.

आपलीचगाडी

आणि माझ्यासारख्याचं काय? गाडी माझी, चालवतो मी. मला ओव्हरटाइम कोण देणार, मीच मला? कंपन्यांच्या चालकांना जादा दर लागू झाला की कंपन्या पगारी माणसं कमी करून "तुझी गाडी घे आणि ये" म्हणतील. तेच तास, तीच वाट, वर डिझेल आणि टायर माझ्या अंगावर.

ऑस्ट्रेलियात काय झालं ते वाचण्यासारखं आहे. रस्ते वाहतुकीतल्या मोबदल्यासाठी २०१२ मध्ये न्यायाधिकरण नेमलं. त्याने स्वतःची गाडी चालवणाऱ्यांसाठी किमान दर ठरवले, तेव्हा सगळ्यात मोठा विरोध याच लोकांनी केला. त्यांचं म्हणणं, की या दराने आम्हाला काम कोणी देणार नाही, सगळं मोठ्या कंपन्यांकडे जाईल. एप्रिल २०१६ मध्ये न्यायाधिकरणच रद्द झालं. पुढे २०२४ च्या कायद्याने किमान अटी ठरवण्याचा अधिकार तिथल्या फेअर वर्क कमिशन या कामगारविषयक आयोगाला दिला. म्हणजे गरज होतीच, पण फक्त दर ठोकून दिला की छोटा माणूस चिरडला जातो.

स्टेपनी

हा मुद्दा माझ्या मूळ मांडणीत नव्हता आणि तो फार महत्त्वाचा आहे. पगारी चालकाला ओव्हरटाइम आणि गाडीमालक चालकाला खोळंब्याचं सक्तीचं भाडं, या दोन गोष्टी एकाच दिवशी लागू व्हायला हव्यात. एक आधी केली तर पळवाट तयार.

खेपभाडं

असं असेल तर मी विरोध करणार नाही. पण खोळंब्याचं भाडं करारात असूनही वसूल होत नाही, हे लक्षात घ्या. पहिले दोन तास फुकट, मग पुढच्यासाठी भांडा; आणि भांडलात तर पुढची खेप दुसऱ्याला. बिल्टीवर (मालासोबतच्या वाहतूक पावतीवर) गाडी गेटला लागल्याची वेळ आणि खाली झाल्याची वेळ, दोन्हीवर माल घेणाऱ्याची सही सक्तीची करा. ती वसुली सुरू झाली की ड्रायव्हरला जादा दर देतो.

स्टेपनी

"की देतो" हे मान्य नाही. तुमची वसुली होईपर्यंत ड्रायव्हरने उधारीवर का राबायचं? त्याचा पगार त्या महिन्यात द्या आणि गोदामवाल्याशी तुम्ही भांडा. तुमच्या मागे मालकांची संघटना असते, गेटवर तो एकटाच उभा असतो.

नोंदवही

सहीची कल्पना चांगली आहे, पण सही नाकारली तर गाडीच्या जीपीएसची वेळ ग्राह्य धरावी, आणि ती चुकीची आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी माल घेणाऱ्यावर असावी.