फ्रेंडशिप पीकचा रूट प्लॅन केलाय, चुका काढा प्लीज (ब्यास कुंड खोरं, जून)

रानवाट_ठाणे:
नमस्कार मंडळी. आम्ही सहा जण, ठाणे-डोंबिवलीचे, आठ-दहा वर्षं सह्याद्रीत भटकतोय, नळीची वाट, अलंग-मदन-कुलंग, ढाक बहिरी सगळं झालंय आणि आमच्यातल्या दोघांचा गिर्यारोहणाचा बेसिक कोर्सही झालाय. यंदा जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मनालीजवळच्या ब्यास कुंड खोऱ्यातून फ्रेंडशिप पीक (५२८९ मी) करायचं चाललंय. गाईड आणि कुक तिथलेच घेणार पण पॅकेज नको, रूट आणि दिवस आपणच ठरवायचे, नाहीतर शिकणार कधी.

प्लॅन असा आहे. दिल्लीहून रात्रीची बस, सकाळी मनाली, त्याच दिवशी जीपने धुंडी आणि तिथून चालत बकरथाच. दुसऱ्या दिवशी लेडी लेग कॅम्प. तिसऱ्या दिवशी पहाटे चारला निघून समिट आणि परत लेडी लेग. चौथ्या दिवशी मनाली. एक दिवस राखीव. एकाने मे महिन्यात केलेला जीपीएक्स ट्रॅक (जीपीएसवर नोंदलेली वाट) मिळालाय तो फोनमध्ये टाकलाय. अंतरं सगळी छोटी आहेत, आम्ही दिवसाला वीस-बावीस किमी आरामात मारतो, त्यामुळे वेळ उरेल असं वाटतंय, उरला तर शेजारचं शितीधर शिखर पण बघू का?

घसाराप्रेमी:
शितीधरचं नंतर बघू रे, आधी फ्रेंडशिपवरून धड खाली या 😄

तुझ्या प्लॅनमध्ये मोठी चूक एकच आहे, बाकी सगळ्या तिच्यातूनच निघाल्यात. तू किलोमीटर मोजतोयस. तिकडे किलोमीटर कोणी विचारत नाही, उंची किती आणि घड्याळात किती वाजले एवढंच बघतात. लेडी लेग साधारण ३८०० च्या आसपास आहे, म्हणजे शिखरापर्यंत जवळजवळ १४५० मीटर चढ, पायथ्याच्या बारी गावातून कळसूबाई धर आणि वर अजून अर्धी कळसूबाई, तीही बर्फात, बुटांना क्रॅम्पॉन (बर्फात रुतणारे खिळे) लावून, निम्म्या हवेत. तिथे तासाला दीडशे ते दोनशे मीटर चढलात तर चांगलं चाललंय म्हणायचं. आता भागाकार कर. आठ-नऊ तास होतात, चारला निघालास तर माथ्यावर दुपारी बारा-एक. तोपर्यंत उन्हाने बर्फाचा पार चिखल झालेला असतो, पाय मांडीपर्यंत आत जातो आणि डोक्यावरचे उतार सुटायला लागतात.

त्यामुळे उलटं मोजायचं. बर्फ नरम व्हायच्या आत तीव्र उतारावरून खाली आलं पाहिजे, समजा दहा. म्हणजे माथा आठला. म्हणजे निघायचं रात्री अकरा-बारा, नाहीतर मध्ये ४२०० च्या आसपास अजून एक कॅम्प टाकायचा आणि तिथून एकला निघायचं. आम्ही वरचा कॅम्प टाकला होता, सामान वर वाहताना सगळ्यांनी शिव्या घातल्या, समिटच्या दिवशी कोणी काही बोललं नाही.

आणि निघायच्या आधीच ठरवून ठेवा की अमुक वाजता असू तिथून मागे. वर गेल्यावर ठरवायचं म्हटलं की "अजून अर्धा तास बघू" सुरू होतं, माझंही झालंय.

कारवी_पुणे:
मी विरळ हवेचं बोलते कारण तो भाग तू पूर्ण सोडलायस. ठाणे समुद्रसपाटीला, मनाली २०५० मीटर, बकरथाच ३३०० च्या आसपास आणि तू मनालीत उतरल्या दिवशीच तिथे झोपणार? बसमध्ये रात्रभर झोप नाही, पोटात काही नाही, आणि वर हे. ३००० च्या वर रोज झोपायची उंची तीनशे ते पाचशे मीटरच वाढवावी असं सगळीकडे सांगतात आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं. आमच्यातला सगळ्यात फिट पोरगा, मॅरेथॉन पळणारा, बकरथाचलाच दुसऱ्या रात्री डोकं धरून बसला, उलट्या, सकाळी त्याला खाली न्यायला दोघं गेले आणि आमची टीम तिथेच मोडली. फिटनेसचा आणि विरळ हवा लागण्याचा संबंध नसतो, उलट फिट माणूस जोरात चढतो आणि आधी आडवा होतो.

माझ्या मते एक दिवस मनालीत. मग बकरथाच. तिसऱ्या दिवशी सामान तिथेच ठेवून ब्यास कुंडापर्यंत (साधारण ३७०० मी) जाऊन झोपायला परत खाली, चौथ्या दिवशी लेडी लेग, पाचव्या दिवशी तिथेच थांबून बर्फात सराव, सेल्फ अरेस्ट (घसरल्यावर स्वतःला थांबवणं), दोरावर चालणं वगैरे, कोर्स झालेल्या दोघांनी बाकीच्या चौघांकडून घोटून घ्या. सहाव्या दिवशी वरचा कॅम्प, रात्री समिट. वर दोन दिवस हवामानासाठी राखीव, एक नाही. डायमॉक्स (विरळ हवेच्या त्रासावरची गोळी) घ्यायची की नाही ते आधी डॉक्टरला विचारा, एकमेकांना गोळ्या वाटू नका. आणि कोणाला बसल्या जागी धाप लागली किंवा चालताना तोल जायला लागला तर सकाळची वाट न बघता खाली.

घरबसल्या_भटक्या:
एवढं करण्यापेक्षा पॅकेज घ्या की राव, ते लोक दर आठवड्याला बॅच घेऊन जातात, त्यांना सगळं माहीत असतं. उगाच स्वतः रूट प्लॅन करायची हौस कशाला.

घसाराप्रेमी:
@घरबसल्या पॅकेज घेतलं तरी स्वतःचं गणित माहीत असावंच. तारखा छापलेल्या असतात, डोंगराला तारखा माहीत नसतात.

नाळेतला_म्हातारा:
जीपीएक्सबद्दल कोणी बोललंच नाही म्हणून लिहितो. मे मधला ट्रॅक जूनच्या मध्यात तसाच्या तसा वापरायचा नाही रे बाळा. मे मध्ये नाले बर्फाखाली असतात, माणूस वरून चालत गेलेला असतो आणि ट्रॅक सरळ रेघ दाखवतो. जूनमध्ये तोच बर्फाचा पूल पातळ झालेला किंवा नसतोच. सप्टेंबरला तर खोरंच वेगळं, खाली सगळा घसारा (निसटती दगडमाती) आणि मोरेनचे, म्हणजे ग्लेशियरने आणून टाकलेले दगड, वर ग्लेशियरवरच्या भेगा उघड्या. आम्ही ब्यास कुंडावरून निवांत फोटो काढत परत आलो, सकाळी जो नाला उड्या मारत ओलांडला होता तो दुपारी चार वाजता मांडीपर्यंत आणि पाणी असं ओढणारं की काठी टिकेना. संध्याकाळभर अलीकडे कुडकुडत बसलो, रात्री बर्फ वितळायचं थांबल्यावर पाणी उतरलं तेव्हा पलीकडे. तेव्हा नाला ओलांडायचा तो सकाळी, हे प्लॅनमध्येच लिहून ठेवा.

दुसरं म्हणजे उतार बघायला शिका. गुगल अर्थवर उताराची रेघ ओढायची, आडवं अंतर आणि चढलेली उंची बघायची. १०० मीटर आडवं गेल्यावर ५८ मीटर चढ असेल तर ३० अंश, शंभराला शंभर असेल तर ४५. ह्या दोनांच्या मधले उतार हिमस्खलनाला सगळ्यात आवडते, कारण त्याहून कमी असेल तर बर्फ सहसा टिकून राहतो आणि जास्त असेल तर साठतच नाही, पडत राहतो. त्यामुळे ट्रॅकवर असे पट्टे लाल रंगाने रंगवा, त्यांच्या वर काय लटकतंय ते बघा, आणि त्यांचं तोंड कुठे आहे ते. पूर्वेला तोंड असेल तर सूर्य उगवल्या उगवल्या तापायला लागतो, आणि जूनमध्ये तिकडे साडेपाचच्या आत उजाडतं. धुंडीला हिमस्खलनाचा अभ्यास करणाऱ्यांचं ठाणं उगाच नाही. फक्त एक लक्षात ठेव, ते उपग्रहाचे नकाशे गुळगुळीत असतात, आपल्याकडे नाही का नकाशावर साधी सोंड दिसते आणि प्रत्यक्षात वीस-तीस मीटरचा कडा निघतो, तसंच तिथेही.

एवढं करून गाईड म्हणाला की इथून नको तर इथून नको. त्याने तो उतार मागच्या आठवड्यात बघितलाय, तू स्क्रीनवर.

रानवाट_ठाणे:
बाप रे. बरं झालं विचारलं. चारला निघायचं म्हणजे आम्हाला खूप लवकर वाटत होतं 🙈 कारवीताई, तुमचं वेळापत्रक जसंच्या तसं घेतोय, ऑफिसमध्ये अजून चार दिवस सुट्टी मागावी लागेल. तारखा पण अलीकडे ओढू का? महिनाअखेर तिकडे पावसाळा येतो ना?

कारवी_पुणे:
हो, हिमाचलात मान्सून साधारण जूनच्या शेवटच्या आठवड्यात पोचतो, म्हणजे राखीव दिवस धरून २० तारखेच्या आत खाली असा. जूनच्या पहिल्या आठवड्यात निघालात तर बर्फही बरा मिळेल. परवानगीचं मनालीच्या अटल बिहारी वाजपेयी गिर्यारोहण संस्थेत आणि गाईडकडे आधीच फोन करून विचारा, तिथे पोचल्यावर नाही.

नाळेतला_म्हातारा:
काका म्हणून अजून एक. दोरावर तिघं-तिघं जाणार असाल तर मधे सगळ्यात कच्चा गडी घ्या, आणि कोर्स झालेले दोघं एकाच दोरावर नकोत. प्लॅन कागदावर काढून एक प्रत घरी ठेवा, परत यायची तारीख आणि वेळ लिहून, धुंडीच्या पुढे फोनच्या रेंजवर भरवसा नको. फोन रात्री स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपा, थंडीत बॅटरी बसते.

रानवाट_ठाणे:
डन काका. शेवटचा प्रश्न, गॅसचे कॅनिस्टर इथूनच घेऊ का? आमच्यातले दोघं विमानाने येणारेत.

घसाराप्रेमी:
विमानात नाही नेऊ देत रे, मनालीतच घ्या. आणि ते दोघं जेवढ्या लवकर येतील तेवढे दिवस मनालीत जास्त काढू देत, तुमच्यापेक्षा तेच आधी चढतील बघ.