फोनात 3 जीबी रॅम, तरी अ‍ॅप आऊट ऑफ मेमरी का?

लालबागकर_कोडर: आमच्या एरियातल्या मंडळांच्या गणपतीच्या फोटोंचं छोटं अँड्रॉइड अ‍ॅप बनवतोय, स्क्रोल केलं की चार-पाच फोटोंनंतर आऊटऑफमेमरीएरर येऊन क्रॅश. फोन जुना आहे, अँड्रॉइड 7, पण रॅम 3 जीबी आणि त्यातली अर्धी तरी रिकामी दिसते, फोटो पण तीन-तीन एमबीचेच आहेत, मग मेमरी जाते कुठे?? मॅनिफेस्टमध्ये (अ‍ॅपच्या सेटिंगची फाइल) लार्जहीप ट्रू करून जास्त मेमरी मागू का सरळ?

ठाण्याची_मुलगी: फोनाची रॅम बघू नकोस, प्रत्येक अ‍ॅपच्या हीपला, म्हणजे त्याच्या वाट्याच्या मेमरीला, वेगळी लिमिट असते आणि ती फोनाची कंपनी ठरवते. सोसायटीची टाकी भरलेली असली तरी तुझ्या नळाला ठरलेलंच पाणी. अ‍ॅक्टिव्हिटीमॅनेजरचं गेटमेमरीक्लास प्रिंट करून बघ, त्या लिमिटचा आकडा एमबीत येतो.

लालबागकर_कोडर: 192 आला ताई. पण तीन एमबीचे पाच फोटो म्हणजे 15 च ना?

ठाण्याची_मुलगी: अरे तीन एमबी ती जेपीईजी फाइल, दाबून बसवलेली. स्क्रीनवर दाखवायला ती उघडावी लागते आणि मग प्रत्येक पिक्सेलला 4 बाइट. 4000 बाय 3000 चा फोटो असेल तर 1 कोटी 20 लाख पिक्सेल, म्हणजे एकच फोटो साधारण 46 एमबी. चारात 184 झाले, बाकीचं अ‍ॅप काय हवेवर चालणार? फोटो उघडताना इनसॅम्पलसाइझ 4 दे, लांबी-रुंदी दोन्ही चौथाई होतात आणि मेमरी सोळावा हिस्सा, तीन एमबीच्या आत. नाहीतर ग्लाइड नाहीतर कॉइल लायब्ररी लाव, ते इमेजव्ह्यूच्या (फोटो दाखवायच्या चौकटीच्या) मापाने फोटो लहान करूनच उघडतात.

नाईटशिफ्टवाला: लार्जहीपच्या नादी लागू नको भावा, किती वाढवून मिळेल याची गॅरंटी नाही आणि हीप मोठा झाला की गार्बेज कलेक्शनला (नको असलेली मेमरी साफ करायला) पण जास्त वेळ लागतो, स्क्रोल अडकायला लागतं.

विरार_फास्ट: माझ्या नव्या फोनवर असलाच कोड मस्त चालतो, क्रॅश वगैरे काही नाही.

नाईटशिफ्टवाला: चालणारच, अँड्रॉइड 8 पासून बिटमॅपचे (उघडलेल्या फोटोचे) पिक्सेल जावा हीपमध्ये नसतातच, हीपबाहेरच्या नेटिव्ह मेमरीत जातात, त्यामुळे ही लिमिट त्यांना लागत नाही. पण रॅम तर खातातच ना. फोनाची मेमरी कमी पडली की सिस्टिम प्रोसेसच मारते, एक्सेप्शन नाही काही नाही, अ‍ॅप गायब. प्रोफायलर (मेमरी मोजायचं टूल) लावून नेटिव्हचा आकडा बघ एकदा, मग सांग मस्त की काय ते.

लालबागकर_कोडर: सॅम्पलसाइझ 4 केलं, शेवटपर्यंत स्क्रोल झालं, हीप 60 च्या पुढे जात नाही. फक्त झूम केलं की मूर्ती धूसर दिसते.

ठाण्याची_मुलगी: झूमला बिटमॅपरीजनडिकोडर वापर, दिसतो तेवढाच तुकडा पूर्ण क्वालिटीत उघडतो.