‘एका मुलामुळे चाळीस जणांचं नुकसान’ म्हणणाऱ्या सरांना

होटगी रोडची आई
परवा इथे आपल्या सोलापूरच्या ग्रुपवर एका निवृत्त सरांनी लिहिलं, की दिव्यांग मुलांसाठी विशेष शाळा असताना पालक हट्टाने नेहमीच्या शाळेत घालतात आणि एका मुलामुळे बाकीच्या चाळीस जणांचं नुकसान होतं. वर ७६ अंगठे. दोन दिवस गप्प बसले. आज पाण्याचा दिवस नाही, म्हणून वेळ आहे.

माझी मुलगी सहावीत आहे, डाऊन सिंड्रोम. आधी दोन वर्षं विशेष शाळेत होती. रिक्षाने जाऊन-येऊन दीड तास. तिथं काय शिकली? पणत्या रंगवायला. दिवाळीला पाहुणे यायचे, पणत्या घ्यायचे, पोरांना मध्ये उभं करून फोटो काढायचे. सात वर्षांच्या मुलीला पणत्या! मग घराजवळच्या शाळेत घातलं. पहिल्या महिन्यात डबा स्वतः उघडायला लागली, कारण शेजारची उघडत होती. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम ३१ वाचा, सर. ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असेल तर ६ ते १८ वयापर्यंत शेजारची शाळा की विशेष शाळा, हे आम्ही ठरवायचं. तुम्ही नाही.

निवृत्त मास्तर
ताई, ते सर मीच. कलम मलाही पाठ आहे. माझ्या वर्गात ५२ मुलं होती आणि त्यात एक स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेला. मला प्रशिक्षण मिळालं एक दिवसाचं, चहा-समोशासकट. दिव्यांग मुलांसाठी शाळाशाळांतून फिरणाऱ्या शिक्षिका महिन्यातून एकदा यायच्या, वहीत सही करून निघायच्या. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये प्राथमिकला १० मुलांमागे एक विशेष शिक्षक आणि त्यापुढे १५ मागे एक असं सांगितलं. आमच्या केंद्रात, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटात, सगळ्या शाळा मिळून एक बाई. तो मुलगा चार वर्षं खिडकीशी बसून पंख्याकडे बघत होता. त्याला मी काहीही शिकवलं नाही, हे आज कबूल करतो. याला समावेशन, म्हणजे सगळ्यांना एकत्र शिकवणं, म्हणायचं?

फिरती बाई
सही करून निघायच्या? सर, माझ्याकडे २७ शाळा आहेत. शिवाय जी मुलं अंथरुणावरून उठत नाहीत त्यांच्या घरी जायचं ते वेगळं. पेट्रोल माझं, स्कूटी माझी. दरवर्षी कंत्राट संपतं आणि मार्च-एप्रिलात झोप उडते. तुमच्या पेन्शनमधून आमच्यावर बोलणं सोपं आहे.

निवृत्त मास्तर
पेन्शन मध्ये आणायचं काम नाही.

फिरती बाई
सही तुम्ही आणली.

सात रस्ता
मी ताईंच्या विरुद्ध. माझा धाकटा भाऊ जन्मापासून ऐकू न येणारा. नेहमीच्या शाळेत दोन वर्षं शेवटच्या बाकावर, घरी आला की भिंतीवर डोकं आपटायचा. कर्णबधिरांच्या शाळेत घातलं, आठवड्यात पोरांशी खुणांनी भांडायला लागला. भांडायला! आई रडली आनंदाने. सगळीकडे पणत्याच रंगवतात असं नाही.

पूर्व भागातला
शाळेचं नंतर बघा. आधी माझं ऐका. आमच्या घरी तेलुगू. मुलगा तीन वर्षांचा झाला तरी बोलेना. एका बाईंनी सांगितलं, घरात तेलुगू बंद, फक्त मराठी. माझी आई विड्या वळते, तिचं मराठी बाजारापुरतं. नातू बिघडेल या भीतीने ती वर्षभर त्याच्याशी बोललीच नाही. नुसती मांडीवर घेऊन बसायची.

पुढे बुद्धिमापन चाचणी. मराठीत. मांजराचं चित्र दाखवलं, पोरगं म्हणालं ‘पिल्ली’. बाईंना वाटलं पिल्लू म्हणतोय, चालवून घेतलं. कुत्र्याला म्हणालं ‘कुक्का’. लिहिलं, ‘उच्चार अस्पष्ट’. आमच्यात मांजर म्हणजे पिल्ली आणि कुत्रा म्हणजे कुक्काच! दोन्ही उत्तरं बरोबर होती. कागदावर पोरगं मंदबुद्धी.

पार्क चौक
अण्णा, महाराष्ट्रात राहूलालाव, मराठी बोलायला काय जातंय बे?

पूर्व भागातला
‘बे’ कुणाला? ज्या सोलापुरी चादरीखाली झोपतोस ती माझ्या आज्याने मागावर विणली असेल. मी हे मराठीतच लिहिलंय, दिसत नसेल तर चष्मा लाव.

पार्क चौक
गमतीनं म्हणलं. पण एकच भाषा ठेवली की पोरं गोंधळत नाहीत, हे डॉक्टर पण सांगतात.

वाचा-उपचारतज्ज्ञ
काही जण अजून सांगतात, चूक सांगतात. दोन भाषा ऐकल्याने बोलणं खुंटत नाही. खुंटलेलं असेल तर दोन्ही भाषांत खुंटलेलं दिसतं, म्हणूनच दोन्हीत तपासायचं असतं. घरची भाषा बंद केली की मुलाचं घरातलं बोलणंच कमी होतं.

जुळे सोलापूर
आमच्याकडे आजी कन्नड, आई मराठी, खालचे भाडेकरू उर्दू. सोलापुरात एका भाषेत वाढलेलं पोरगं दाखवा, गड्ड्याच्या यात्रेत सत्कार करू.

सात रस्ता
माझ्या भावाला तर शाळेआधी हात हलवू नको, तोंडाने बोल म्हणायचे. खुणांची भाषाही घरची भाषाच.

पूर्व भागातला
शिक्षण हक्क कायद्याचं कलम २९, शक्य तितकं मातृभाषेत. ‘शक्य तितकं’ हे दोन शब्द कुणी घातले त्याला माझा साष्टांग नमस्कार.

होटगी रोडची आई
अण्णा, तुमच्या आईचं वाचून मुख्य मुद्दाच विसरले. तरी सरांनी अजून ‘नुकसान’ हा शब्द मागे घेतलेला नाही.

निवृत्त मास्तर
घेतो. ७६ अंगठ्यांसकट घेतो, झालं समाधान? पणत्यांचंही पटलं. आता मला सांगा, सहावीचं विज्ञान तुमच्या मुलीला वर्गात कोण समजावतं?

होटगी रोडची आई
कोणी नाही. वही सुबक असते, फळ्यावरचं सगळं उतरवलेलं. विचारलं की हसते.

निवृत्त मास्तर
हं.

फिरती बाई
ताई, कुठली शाळा ते मला वेगळं कळवा. माझ्या २७ मध्ये असेल तर मंगळवारी येते.

पूर्व भागातला
तेलुगूत चाचणी घेणारं सोलापुरात कोणी आहे का? नसेल तर हैदराबादला न्यायला तयार आहे. आई पण येते म्हणतेय.