मदत हवी आहे: ५५ दिवसांचा करू की वर्षाचा? (शुक्रवारपर्यंत ठरवायचंय)

वाटवाघूळ
नमस्कार मंडळी. घाईत धागा काढतोय, शुद्धलेखन सांभाळून घ्या. ५५ दिवसांचा करावा की वर्षाचा? वर्षाच्याला प्लेसमेंट आहे, पण पैसे जवळजवळ तिप्पट. फगासा दोन्हीत मिळतं म्हणतात. पुढचा हप्ता शुक्रवारी भरायचाय. कोणी केलाय का? "आधी नीट विचार कर" छाप प्रतिसाद कृपया नकोत, विचार दोन वर्षं करून झालाय.

शेवग्याची_शेंग
कशाचा? बेकिंगचा?

गोदाकाठ
फगासा म्हणजे दक्षिण आफ्रिकेतली फील्ड गाईड लोकांची संघटना, १९९० पासूनची. सफारी गाईड व्हायचंय धागाकर्त्यांना. असं मी समजून घेतोय, त्यांनी कुठे लिहिलेलं नाही.

वाटवाघूळ
हो हो, तेच. शीर्षकात लिहायचं राहिलं. सफारी गाईड.

मसाईप्रेमी
आम्ही आत्ता ऑगस्टमध्येच मसाई मारा करून आलो. अप्रतिम! जुलै ते ऑक्टोबर जा, मारा नदीवर विल्डबीस्टचे (गाईसारख्या हरणांचे) कळप उड्या मारताना दिसतात. दुर्बीण घरून न्या. आमच्या ग्रुपला तिथे रात्री गरम पिठलं-भात मिळाला. पिवळ्या तापाची लस मात्र निघायच्या निदान दहा दिवस आधी घ्या, नाहीतर परत येताना आपल्याच विमानतळावर अडकाल.

गोदाकाठ
मसाईप्रेमी, तो फिरायला चाललेला नाही. आणि मारा केनियात आहे.

मसाईप्रेमी
आफ्रिकाच ना.

जोबर्गकर
इथे दक्षिण आफ्रिकेत ११ वर्षं आहे, म्हणून चार प्रश्न. वय काय? पासपोर्ट भारतीयच ना? गाडी येते का (गिअरची)? आणि कोर्स संपल्यावर नेमकं काय करायचंय? चौथा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. त्याचं उत्तर असेल तर ५५ की ३६५ ते आपोआप ठरतं.

वाटवाघूळ
वय २९, पासपोर्ट भारतीय. लायसन्स आहे. कोर्स संपल्यावर अर्थातच तिथेच नोकरी, म्हणून तर प्लेसमेंटचा विचार. इथल्या आयटीतला राजीनामा टाईप करून ठेवलाय.

जोबर्गकर
मग आधी हे वाचा. फगासाचं प्रमाणपत्र म्हणजे गाईडगिरीचा परवाना नव्हे. पैसे घेऊन पाहुणे फिरवायचे तर प्रांताच्या रजिस्ट्रारकडे टुरिस्ट गाईड म्हणून नोंदणी लागते. ती नागरिकाला, कायम रहिवाशाला किंवा वर्क परमिट असलेल्याला मिळते. वर्क परमिटसाठी मालकाला दाखवावं लागतं की या कामाला स्थानिक माणूस मिळत नाही. इथे बेकारी तीस टक्क्यांच्या वर आहे, आणि क्रूगर राष्ट्रीय उद्यानाच्या कुंपणालगतच्या गावांत याच कामाची स्वप्नं बघणारी शेकडो पोरं आहेत. मालकाने तुमच्यासाठी कागद का रंगवावेत?

प्लेसमेंट म्हणजे नोकरी नाही. राहायला खोली, जेवण, आणि बिनपगारी काम.

बिबट्या
+१. म्हणूनच म्हणतो, ताडोबाला या! आपला वाघ सोडून लोकांचे सिंह कशाला?

गोदाकाठ
ताडोबात गाईड आजूबाजूच्या गावांतलेच असतात, वनविभाग त्यांना तयार करतो. नाशिक-पुण्याच्या आयटीवाल्याला तिथे कोण घेणार? खासगी लॉजवर नॅचरलिस्ट म्हणून फार तर. म्हणजे अडचण तीच, फक्त देश आपला.

बिबट्या
लॉजचंच म्हणत होतो मी.

टांबोटी
मी केलाय. २०१७ साली, ५५ दिवसांचाच, तिकडच्या लिंपोपो प्रांतात. व्हिजिटर व्हिसावर गेलो होतो, ९० दिवसांत बसतो. वर्षाच्या कोर्सला विद्यार्थी व्हिसा लागतो, त्याला किती वेळ जाईल ते धरून चाला.

जोबर्गकर म्हणतात ते खरंच आहे, पण कोर्सबद्दल कोणी बोलतच नाहीये म्हणून लिहितो.

कॅम्पला कुंपण नव्हतं. तंबू ते संडास पन्नास पावलं. रात्री आधी टॉर्च सगळीकडे फिरवायचा, डोळे चमकले तर पोटातली कळ सकाळपर्यंत दाबायची. पहाटे साडेचारला ज्याची पाळी त्याने चूल पेटवून पाणी ठेवायचं, मग गाडीची तपासणी: ऑइल, पाणी, टायर, स्टेपनी, जॅक. दुसऱ्याच आठवड्यात मी टांबोटीचं लाकूड चुलीत घालायला निघालो होतो. त्याचा चीक विषारी असतो, त्यावर भाजलेलं खाल्लं की अख्खा कॅम्प त्या पन्नास पावलांवर रांगेत. तेव्हापासून मला हेच नाव पडलं.

शेणाचा तास सगळ्यांत आवडता. आमचे गुरुजी गेंड्याची लीद हातात घेऊन बिस्किटासारखी मोडायचे. आत काड्या निघाल्या आणि टोकं कात्रीने तिरकी कापल्यासारखी असली तर काळा गेंडा, तो झुडपं खातो. नुसतं गवत निघालं तर पांढरा. हत्तीच्या शेणातही काड्या असतात, पण चुरगाळलेल्या, तिरका काप नसतो. ठशांचंही तसंच. मांजरकुळाच्या पंज्याच्या गादीला मागे तीन फुगे, नखं दिसत नाहीत. तरसाला नखं दिसतात आणि पुढचा पंजा मागच्यापेक्षा मोठा.

आणि हो, इंपाला हरणाच्या वाळलेल्या लेंड्या तोंडात धरून कोण लांब थुंकतो अशी स्पर्धा असते. गंमत नाही, खरंच खेळतात तिकडे. मी शेवटून दुसरा.

लेखी परीक्षेला ७५ टक्के लागतात. त्यात भूगर्भ, हवामान, तारे, गवतंसुद्धा येतात, नुसते सिंह-बिबटे नाहीत. मग परीक्षक पाहुणा बनून गाडीत मागे बसतो आणि तुम्ही त्याला फिरवता. माझ्या वेळी पाऊण तास एक प्राणी दिसला नाही. तो पाऊण तास वाळवीच्या वारुळावर आणि मोपानेच्या पानांवर काढला. पास झालो तो त्याच्या जोरावर, असं मला वाटतं.

शेवग्याची_शेंग
लेंड्या थुंकायच्या? आणि वर पैसे भरायचे?

काकू_मिसिसागा
माझ्या भाच्याला पण जंगलाचं वेड होतं, आता बँकेत आहे. शाकाहारी असाल तर तिकडे हाल होतात, मेतकूट न्या.

एनसीसी_ब
बंदुकीचं कोणी विचारलं नाही? मी एनसीसीत .२२ रायफलने सुवर्णपदक घेतलंय. नेमबाजीचा पाया असेल तर पुढे सोपं जातं, धागाकर्त्याने आधी रेंज जॉईन करावी.

टांबोटी
.२२ ने केप बफेलोला गुदगुल्या होतील, साहेब. तिकडे पायी फिरवणारा गाईड .३७५ किंवा त्याहून जड रायफल नेतो. पण पहिल्या पायरीच्या, गाडीवरच्या गाईडला बंदूक लागतच नाही. पायी सफारी हा वेगळा कोर्स, धोकादायक प्राण्यांच्या जवळ किती वेळा गेलात ते वहीत मोजलं जातं, त्याला वर्षं जातात.

एनसीसी_ब
तत्त्व तेच असतं. श्वास रोखणे, ट्रिगर दाबणे.

टांबोटी
पहिलं तत्त्व पळायचं नाही. दुसरं, गोळी झाडावी लागली तर त्या दिवशी गाईड चुकला.

जोबर्गकर
आणि स्वतःचा बंदूक परवाना इथे नागरिकाला किंवा कायम रहिवाशालाच मिळतो. तेव्हा तो विषय बंद करूया.

बिबट्या
आपण त्यांच्याकडून चित्ते आणले, आता आपली पोरं तिकडे पाठवायची. छान.

गोदाकाठ
पहिले आठ नामिबियातून आले, सप्टेंबर २०२२ मध्ये. दक्षिण आफ्रिकेचे बारा नंतर, फेब्रुवारी २०२३ ला. आणि कुनोच्या चित्त्यांवर आधीच तीन धागे आहेत, तिकडे चला.

मसाईप्रेमी
केनियातपण गाईडच्या परीक्षा असतात बरं का. आमचा ड्रायव्हर सिल्व्हर होता. ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड अशा पायऱ्या. गोल्डवाले फार थोडे. त्याला चार शब्द मराठीसुद्धा येत होते, "चला", "पटकन", "बिबट्या" आणि "संडास".

जोबर्गकर
हा पहिला कामाचा प्रतिसाद, मसाईप्रेमी. वाटवाघूळ, यातच तुमची वाट असू शकते. मराठी-गुजराती ग्रुप घेऊन येणाऱ्या पुण्या-मुंबईच्या कंपन्यांना तिथला गाईड असतोच. सोबत शेण, ठसे, पक्षी मराठीतून समजावणारा आपला माणूस नसतो. पगार भारतातून, इथे परवाना असलेला स्थानिक गाईड गाडी चालवणार, तुम्ही ग्रुपबरोबर. याला ५५ दिवस पुरतात. तरी व्हिसाचं कंपनीकडून लेखी घ्या.

वाटवाघूळ
टूर मॅनेजर व्हायचं नाहीये मला. पन्नास लोकांचे पासपोर्ट मोजायला नाही चाललो.

टांबोटी
तू गाडीचं उत्तर टाळलंस. लायसन्स आहे म्हणालास. गिअरची गाडी येते का?

वाटवाघूळ
लायसन्स २०१६ चं आहे. चालवली नाही कधी. स्कूटर चालवतो. तिकडे शिकवत असतील ना?

टांबोटी
नाही रे बाबा. तिकडे वाळूत गाडी कशी काढायची ते शिकवतात, क्लच कुठला ते नाही. आमच्या वेळी समोरून मस्तातला, म्हणजे माजावर आलेला, नर हत्ती आला, डोळ्यामागून पाझर, मागच्या पायांवरून लघवीची धार, वास आधी आला आणि हत्ती नंतर. दोन्ही बाजूंना झाडी. अशा वेळी वळणावळणाच्या रस्त्यावर गाडी रिव्हर्स घ्यायची, आणि मागे बसलेल्यांशी शांत आवाजात बोलत राहायचं. बोलणं मला जमलं. गाडी खड्ड्यात गेली. सुदैवाने नर आमच्याकडे न बघता गेला.

जोबर्गकर
शिवाय पाहुणे न्यायचे तर व्यावसायिक ड्रायव्हिंग परमिट वेगळं, प्रवाशांसाठी वय २१ पूर्ण लागतं. वयाचं तुमचं भागतं. बाकीचं बघा.

काकू_मिसिसागा
राजीनामा पाठवू नकोस हो. बिनपगारी रजा माग.

वाटवाघूळ
(दोन दिवसांनी)
उशीर झाला, क्षमस्व. ज्यांच्याकडे पहिला हप्ता भरलाय त्यांना मेल केली: तुमच्याकडून वर्षाचा कोर्स केलेले भारतीय आज तिथे कुठल्या व्हिसावर काम करतात? उत्तरात परत तेच माहितीपत्रक आलं, सिंहाच्या फोटोसकट. परत विचारलं. मग फोनवर म्हणाले, "ते विद्यार्थ्याने आपापलं बघायचं असतं."

५५ चा घेतोय. पहिला हप्ता त्यात वळवायला तयार झाले. काकू, तीन महिन्यांची रजा मिळाली, राजीनामा ड्राफ्टमध्येच आहे. टूरवाल्यांचा विचार आल्यावर करेन, जोबर्गकर, चिडलो होतो त्याबद्दल सॉरी.

आता एकच. निघायला दहा आठवडे आहेत. क्लासवाल्याची गाडी गुळगुळीत रस्त्यावर वीस मिनिटं मिळते. नाशिकच्या आसपास कोणाकडे जुनी जीप आहे का, शेतात शिकायला? डिझेल माझं.

शेवग्याची_शेंग
मामाची कमांडर आहे, सिन्नरला. ये रविवारी. फक्त तिचा रिव्हर्स पडत नाही.